क्रूझर मोठी की डिस्ट्रॉयर? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात लंडनला थेम्स नदीत उभ्या असलेल्या एचएमएस बेलफास्ट या जुन्या ब्रिटिश क्रूझरवर एक पान लिहिलं होतं. १९३८ साली ती पाण्यात उतरली, १९४३ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी नॉर्वेच्या उत्तरेला शार्नहोर्स्ट हे जर्मन जहाज बुडवणाऱ्या ताफ्यात होती, आणि १९७१ पासून तिचं म्युझियम झालंय, एवढंच सांगितलं होतं. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचा सगळा कॉलम त्यांनाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि काही उत्तरं लांबली आहेत कारण विषयच तसा आहे.

प्रश्न (डोंबिवलीचे एक वाचक): सर, क्रूझर म्हणजे नेमकं काय? डिस्ट्रॉयर मोठी की क्रूझर? नेटवर बघायला गेलं तर प्रत्येक ठिकाणी वेगळंच लिहिलेलं असतं.

उत्तर: क्रूझर हे नाव आकाराचं नाही, कामाचं आहे, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. मुख्य ताफा सोडून एकटीनं लांब जायचं, आठवडेच्या आठवडे समुद्रात काढायचे, आपली व्यापारी जहाजं राखायची, शत्रूची पकडायची, शत्रूचा ताफा कुठं आहे ते बघून खबर द्यायची, आणि काहीच नसेल तर एखाद्या लांबच्या बंदरात झेंडा दाखवत उभं राहायचं, हे ते काम. शिडांच्या काळात ते फ्रिगेट करायच्या. वाफेची इंजिनं आल्यावर जी जहाजं ते करायला लागली त्यांना क्रूझर म्हणायला लागले.

डिस्ट्रॉयरचा जन्म वेगळ्या कारणानं झाला. टॉर्पेडो घेऊन अंगावर येणाऱ्या छोट्या बोटींना हाकलायला १८९० च्या दशकात ब्रिटिशांनी चपळ, पातळ पत्र्याच्या बोटी बांधल्या, त्यांचं पूर्ण नाव टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर, आणि त्या जेमतेम तीनशे टनांच्या आसपास होत्या. म्हणजे तेव्हा विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं, क्रूझर मोठी. आज तसं राहिलं नाही. माझगाव डॉकमध्ये बांधलेली आपली आयएनएस विशाखापट्टणम २०२१ साली नौदलात आली, ती ७,४०० टनांची आहे आणि आपण तिला डिस्ट्रॉयर म्हणतो. १९३३ सालची ब्रिटिश क्रूझर अकिलीस रिकाम्या टाकीनं साधारण ७,२०० टनांची होती. अमेरिकेची झुमवाल्ट तर १५ हजार टनांच्या घरातली आणि तीही डिस्ट्रॉयरच. त्यामुळं नेटवर जे वेगवेगळं दिसतं ते बहुतेक वेळा चूक नसतं, ते कुठल्या सालचं आहे तेवढं बघायचं.

प्रश्न (पुणे, आणखी चार-पाच पत्रांतही हेच विचारलंय): ब्रिटिश आणि अमेरिकन क्रूझर एकाच काळात, एकाच कराराखाली बांधल्या गेल्या, मग दिसायला आणि ताकदीला इतक्या वेगळ्या का?

उत्तर: हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, त्यामुळं जरा निवांत वाचा.

आधी करार सांगतो. पहिलं महायुद्ध संपलं, मोठ्या बॅटलशिपांवर पाण्यासारखा पैसा चालला होता, तो थांबवायला ६ फेब्रुवारी १९२२ ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिका, ब्रिटन, जपान, फ्रान्स आणि इटली यांनी सह्या केल्या. बॅटलशिपांची तर संख्याच बांधून टाकली. क्रूझरची संख्या मात्र मोकळी सोडली, फक्त एका जहाजाला वरची हद्द घातली, १०,००० टन वजन आणि ८ इंची तोफ, याच्या पुढं जायचं नाही. ही हद्द १०,००० च का, तर ब्रिटिशांकडे तेव्हा हॉकिन्स वर्गातल्या साडेसात इंची तोफांच्या, दहा हजारांच्या जरा खाली असलेल्या क्रूझर होत्या आणि त्या नुकत्याच बांधलेल्या, मोडीत काढायची कुणाचीच तयारी नव्हती. झालं असं की जी वरची हद्द होती तीच सगळ्यांचं माप झाली, कारण शेजारी दहा हजारांची बांधतोय म्हटल्यावर आपण सात हजारांची कोण बांधणार.

आता यातली बारकाईची गोष्ट. करारातलं वजन म्हणजे जहाज पूर्ण तयार, माणसं, दारूगोळा, धान्य सगळं आत, फक्त इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी धरायचं नाही. ट्रक काट्यावर घालताना डिझेलची टाकी रिकामी धरावी तसं. हे कुणाच्या फायद्याचं, तर ज्याला खूप लांब जायचंय आणि वाटेत भरायला पंप नाही त्याच्या. अमेरिकेला पॅसिफिक ओलांडायचा होता, हवाईच्या पुढं गेलं की ग्वाम आणि फिलिपीन्स सोडलं तर आपलं म्हणावं असं मोठं बंदर नाही. ब्रिटिशांचं उलटं होतं. जिब्राल्टर, माल्टा, एडन, मुंबई, त्रिंकोमाली, सिंगापूर, हाँगकाँग, जिकडं जाल तिकडं कोळशाचा नाहीतर तेलाचा साठा, गोदी आणि दुरुस्तीला माणसं हजर.

म्हणून ब्रिटिशांना जहाज फार मोठं नको होतं, जहाजं भरपूर हवी होती. जगभर पसरलेले व्यापारी मार्ग, प्रत्येक मार्गावर एक तरी क्रूझर पाहिजे, आणि एक क्रूझर एका वेळी दोन ठिकाणी उभी राहू शकत नाही. १९२७ साली जिनिव्हाला पुन्हा बोलणी झाली तेव्हा ब्रिटिशांनी ७० क्रूझरची गरज सांगितली आणि अमेरिकन म्हणाले आम्हाला कमी पण ८ इंचीच पाहिजेत, तिथंच ती परिषद मोडली. दोघांचं भांडण नव्हतं, दोघं मित्रच, पण एकाला संख्या हवी आणि दुसऱ्याला आकार, आणि एका कागदावर दोन्ही मावत नव्हतं. शेवटी १९३० च्या लंडन करारात ब्रिटिश ७० वरून ५० वर आले, ८ इंची तोफांच्या क्रूझर अमेरिकेला १८ आणि ब्रिटनला १५ असं ठरलं.

आता हे लोखंडात कसं उतरलं ते बघा. ब्रिटिशांची पहिली करारातली क्रूझर म्हणजे काउंटी वर्ग, केंट, कंबरलँड, डॉर्सेटशायर वगैरे. तीन उंच धुराडी, पाण्यापासून खूप वर असलेला डेक, चार टरेटमध्ये, म्हणजे तोफांच्या फिरत्या चिलखती खोल्यांमध्ये, दोन-दोन अशा आठ तोफा. उंच डेक कशासाठी, तर अटलांटिकच्या वादळात आठवडाभर चालताना माणसं कोरडी राहावीत, झोप मिळावी. फोटोत एखाद्या प्रवासी बोटीसारखी दिसते म्हणून तिला नावं ठेवणारे खूप आहेत, मला ती आवडते, कारण बांधणाऱ्यानं आतल्या माणसांचा विचार केला होता.

त्याच काळातली अमेरिकन पेन्साकोला घ्या. तिच्यावर दहा तोफा. पुढं आणि मागं दोन-दोन टरेट, खालच्यात दोन तोफा आणि वरच्यात तीन, म्हणजे जड टरेट वर. जहाज मात्र वजनाच्या धाकानं इतकं काटकसरीत बांधलं की शेवटी दहा हजारांच्या हद्दीपेक्षा ९०० टन कमीच भरलं, तेवढं चिलखत घालता आलं असतं ते राहून गेलं आणि समुद्रात ती चांगलीच डोलायची. शिवाय टरेटमधल्या तोफांच्या नळ्या एकाच चौकटीत जवळजवळ बसवलेल्या, त्यामुळं एकदम बार काढले की गोळे एकमेकांना त्रास देत आणि पसरून पडत. अमेरिकनांचं कौतुक याचं की प्रत्येक पुढच्या वर्गात त्यांनी एकेक चूक दुरुस्त केली, नॉर्थॅम्प्टनमध्ये नऊ तोफा तीन टरेटमध्ये आल्या आणि न्यू ऑर्लीन्सपर्यंत चिलखतही नीट झालं.

इंजिनातही तोच फरक. १९३० च्या दशकात अमेरिकनांनी खूप जास्त दाबाची आणि तापमानाची वाफ वापरायला सुरुवात केली, तेल कमी लागायचं, त्यामुळं त्याच टाकीत जास्त पल्ला. ब्रिटिश जुन्या, कमी दाबाच्या बॉयलरवर राहिले, कारण ते भरवशाचे होते आणि बंदर जवळच होतं. १९४५ साली ब्रिटिश ताफा जपानशी लढायला पॅसिफिकमध्ये गेला तेव्हा हे अंगाशी आलं, तिथं माल्टा नव्हतं की सिंगापूर नव्हतं आणि तेलवाहू जहाजांसाठी सारखं थांबावं लागायचं.

आणखी एक, ब्रिटिशांनी क्रूझरवर टॉर्पेडो ठेवले, अमेरिकनांनी आपल्या हेवी, म्हणजे ८ इंची तोफांच्या, क्रूझरवरून काढून टाकले. ब्रिटिश खलाशी झोळीत झोपायचा, अमेरिकन बंकवर. ब्रिटिश जहाजावर रोज रम मिळायची, ती ३१ जुलै १९७० पर्यंत चालू होती, अमेरिकन जहाजांवर १९१४ पासून दारूबंदी आणि दुसऱ्या महायुद्धात आइस्क्रीम.

युद्ध लागल्यावर तर आकड्यांनीच बोलावं. अमेरिकेनं एकट्या क्लीव्हलँड वर्गाच्या २७ क्रूझर पुऱ्या केल्या आणि त्याच वर्गाचे आणखी नऊ सांगाडे मधेच बदलून छोट्या विमानवाहू नौका केल्या. म्हणजे जे अमेरिकन पूर्वी आकाराच्या मागं होते त्यांनी संख्याही करून दाखवली. ब्रिटनकडे तेव्हा ना तेवढं पोलाद होतं ना मोकळ्या गोद्या.

प्रश्न (ठाणे): लाइट क्रूझर आणि हेवी क्रूझर हा फरक वजनाचा ना?

उत्तर: नाही, तोफेचा. १९३० च्या लंडन करारात लिहिलंय की ६.१ इंचापर्यंतची तोफ म्हणजे एक प्रकार आणि त्याहून मोठी म्हणजे दुसरा. वजनाची हद्द दोन्हीला तीच, दहा हजार टन. त्यामुळं अमेरिकेची ब्रुकलीन, जिच्यावर पाच टरेटमध्ये मिळून पंधरा ६ इंची तोफा होत्या, ती जवळपास दहा हजार टनांची असूनही लाइट. जपाननं मोगामी बांधली १५५ मिलिमीटरच्या पंधरा तोफा घालून, कागदावर लाइट, आणि करार सोडल्यावर ते टरेट काढून ८ इंची बसवले की झाली हेवी. ब्रुकलीन आणि बेलफास्टच्या आधीच्या साउथॅम्प्टन वगैरे ब्रिटिश क्रूझर या मोगामीला उत्तर म्हणूनच आल्या.

लाइट म्हटलं म्हणून हलकं समजू नका. बेलफास्टच्या ६ इंची तोफेचा एक गोळा ५१ किलोचा, म्हणजे सिमेंटची एक गोणी. तो खालून लिफ्टनं वर येतो पण शेवटी तोफेत ढकलायचा माणसांनी, हातानं, मिनिटाला सहा ते आठ वेळा, आणि अशा बारा तोफा. आजही तिच्या पुढच्या दोन टरेटचा नेम लंडनच्या वायव्येला हायवेवरच्या एका पेट्रोल पंप आणि खाण्याच्या थांब्यावर धरून ठेवलाय, अंतर सुमारे २० किलोमीटर, लोकांना पल्ला कळावा म्हणून. आपल्याकडं सांगायचं तर गेटवे ऑफ इंडियासमोरून सुटलेला गोळा विलेपार्ल्यात.

प्रश्न (वास्को, गोवा): काका, माझे आजोबा आयएनएस दिल्लीवर होते. घरात फोटो आहे, जहाजाला दोन टरेट पुढं आणि दोन मागं दिसतात. कुणी म्हणतं ती ब्रिटिश बोट होती, कुणी म्हणतं न्यूझीलंडची. खरं काय?

उत्तर: दोन्ही खरं आहे, आणि तो फोटो फ्रेम करून ठेव, कारण ते साधंसुधं जहाज नाही. वरच्या पहिल्या उत्तरात जिचं नाव आलंय ती अकिलीस म्हणजेच तुझ्या आजोबांची दिल्ली. लिअँडर वर्गातली, आठ ६ इंची तोफा, इंग्लंडमध्ये बर्कनहेडला बांधलेली, १९३२ साली पाण्यात उतरली. ब्रिटिशांनी संख्येसाठी ज्या मध्यम आकाराच्या क्रूझर बांधल्या त्यांचा हा उत्तम नमुना. ती न्यूझीलंडच्या तुकडीत होती आणि तिच्यावरचे बरेच खलाशी तिकडचेच.

१३ डिसेंबर १९३९, दक्षिण अमेरिकेत प्लेट नदीच्या मुखासमोर. जर्मनीचं ग्राफ श्पे नावाचं जहाज, ११ इंची सहा तोफांचं, व्यापारी जहाजं बुडवत फिरत होतं. त्याला तीन क्रूझरनी गाठलं, एक्सेटर, एजॅक्स आणि अकिलीस. तिघींच्या तोफा त्याच्यापुढं लहान. पण तिघी वेगवेगळ्या बाजूंनी भिडल्या, त्यामुळं जर्मनांना मोठ्या तोफा कुणावर रोखाव्यात ते सारखं बदलावं लागलं. एक्सेटर पार मोडली. अकिलीसच्या वर, तोफांचा नेम धरतात त्या मनोऱ्यावर गोळ्याच्या कपच्या आल्या, चार जण गेले, कॅप्टन पॅरी पायाला जखमी झाले, तरी आग चालूच राहिली. ग्राफ श्पे माँटेव्हिडिओत शिरलं आणि १७ डिसेंबरला जर्मनांनी ते स्वतःच फोडून बुडवलं. एक क्रूझर म्हणजे काय काम, ते या एका सकाळीत सगळं आलं.

१९४८ साली ती भारतानं घेतली, नाव झालं दिल्ली, आणि आपल्या नौदलाची ती पहिली क्रूझर. आता ऐक, त्याच वर्षी आपल्या नौदलाचे प्रमुख म्हणून आले ते ॲडमिरल पॅरी, म्हणजे त्या दिवशी हिच्याच ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथं, जखमी झालेले तेच कॅप्टन. १९५१ पर्यंत ते होते. १९५६ साली त्या लढाईवर ब्रिटिशांनी सिनेमा काढला तेव्हा अकिलीसचं काम करायला दिल्लीच गेली, आणि ग्राफ श्पेचं काम केलं अमेरिकेच्या सेलम या क्रूझरनं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी ती दीवसमोर होती. त्याच मोहिमेत कारवारजवळच्या अंजदीव बेटावर आपले नौसैनिक उतरवणारी मैसूर हीसुद्धा मूळची ब्रिटिश क्रूझर, एचएमएस नायजेरिया, आपण १९५४ साली घेतलेली. अंजदीववर आपले सात नौसैनिक गेले.

दिल्ली १९७८ साली निवृत्त झाली. तिचा एक टरेट ऑकलंडला डेव्हनपोर्टच्या नौदल तळावर जपून ठेवलाय. आजोबांनी कुठल्या टरेटवर काम केलं, बॉयलर रूममध्ये होते की सिग्नलला, हे घरात कुणाला माहीत असेल तर फोटोच्या मागं पेन्सिलनं लिहून ठेव, तारीख घालून. अशी माहिती एका पिढीत जाते.

प्रश्न (नाशिक): १९८२ साली ब्रिटिश पाणबुडीनं बुडवलेली अर्जेंटिनाची बेल्ग्रानो अमेरिकन होती हे खरं का?

उत्तर: खरं. ती अमेरिकेची फिनिक्स, वर सांगितलेल्या ब्रुकलीन वर्गातली. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरमध्ये उभी होती आणि तिला काही झालं नाही. १९५१ साली अर्जेंटिनाला विकली. २ मे १९८२ ला फॉकलंडच्या युद्धात काँकरर या अणुशक्तीवरच्या पाणबुडीनं तिला टॉर्पेडो मारले, आणि ते टॉर्पेडोसुद्धा दुसऱ्या महायुद्धातल्याच बनावटीचे. ३२३ माणसं गेली. त्यांची वयं बघितली तर बरीच पोरं विशीच्या आतबाहेरची आहेत.

प्रश्न (न्यू जर्सी, अमेरिका): मुलांना खरी क्रूझर दाखवायची आहे. इथून गाडीनं जाता येईल असं काही?

उत्तर: सगळ्यात जवळ फिलाडेल्फिया. तिथं ऑलिंपिया आहे, १८९५ साली अमेरिकन नौदलात आलेली. १ मे १८९८ ला मनिलाच्या खाडीत स्पॅनिश ताफा बुडवला तेव्हा कमोडोर ड्यूई हिच्याच ब्रिजवर होते. मुलांना एक गोष्ट नक्की दाखवा, बाजूच्या कोळशाच्या कोठ्या. त्या काळच्या अशा क्रूझरला बाजूला जाड चिलखत नसायचं, आत कासवाच्या पाठीसारखा वाकवलेला पोलादी डेक असायचा, त्याच्या खाली इंजिन आणि दारूगोळा, आणि बाजूला कोळसा भरलेला. गोळा आत आला तर कोळशात अडकावा ही अपेक्षा. म्हणजे इंधन हेच चिलखत, जसजसा कोळसा जळेल तसतशी ढाल पातळ. तेलावर जहाजं चालायला लागल्यावर हे सगळं गेलं.

मोठी सुट्टी असेल तर बोस्टनजवळ क्विन्सीला सेलम आहे, तीच सिनेमातली. तिच्या ८ इंची तोफा आपोआप भरल्या जायच्या, एका तोफेतून मिनिटाला दहा गोळे, आधीच्या हेवी क्रूझरच्या दुप्पट-तिपटीनं. आणि बफेलोला लिटल रॉक, क्लीव्हलँड वर्गातली, मागच्या तोफा काढून तिथं क्षेपणास्त्रं बसवलेली. या तीन बोटी ओळीनं बघितल्या तर कोळसा, तोफ आणि क्षेपणास्त्र असे तिन्ही काळ डोळ्यांनी बघून होतात.

प्रश्न (नागपूर): मग आता क्रूझर कुणीच का बांधत नाही?

उत्तर: काम संपलं नाही, नाव संपत आलंय. लिटल रॉकसारख्या बोटींवर क्षेपणास्त्रं आली तेव्हाच कळलं होतं की आता जाड चिलखत आणि मोठी तोफ यांचं वजन वाहून नेण्यात अर्थ नाही. ते वजन गेलं की तेच काम डिस्ट्रॉयरच्या सांगाड्यावर करता येतं. अमेरिकेनं १९६१ साली लाँग बीच ही अणुशक्तीवरची क्रूझर आणली, पण खर्च फार. १९७५ साली तर त्यांनी ज्यांना फ्रिगेट म्हणत होते त्यातल्या बऱ्याच बोटींना एका दिवसात क्रूझर म्हणायला सुरुवात केली, कारण रशियाच्या यादीत क्रूझर जास्त दिसत होत्या. बोटी त्याच, पाटी नवी. १९८३ साली आलेली टिकोंडेरोगा ही स्प्रुअन्स डिस्ट्रॉयरच्याच सांगाड्यावर बांधली, आधी तिला डिस्ट्रॉयरच म्हणणार होते, पण एजिस रडार आणि सबंध ताफ्याचं हवाई संरक्षण सांभाळायचं काम बघून क्रूझर केलं. तशा २७ बांधल्या. त्यांच्या जागी नवीन क्रूझर आणायची योजना २०१० मध्ये रद्द झाली.

ब्रिटिशांचं वेगळंच झालं. त्यांच्या शेवटच्या तोफांच्या क्रूझर, टायगर आणि ब्लेक, मागचा टरेट काढून हेलिकॉप्टरसाठी बदलल्या आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी गेल्या. पुढं १९८० साली इन्व्हिन्सिबल आली, सरळसरळ विमानवाहू नौका, पण १९६६ साली सरकारनं मोठी विमानवाहू नौका रद्द केलेली असल्यामुळं कागदावर तिला आधी क्रूझरच म्हणावं लागलं. ज्या देशानं एके काळी ७० मागितल्या त्याच्याकडं आज एकही नाही.

प्रश्न (न्यूकॅसल, इंग्लंड): मी मूळची गिरगावची. इथं जवळ मुंबईत बांधलेली जुनी युद्धनौका आहे असं ऐकलं. तिचा तुमच्या विषयाशी काही संबंध लागतो का?

उत्तर: ताई, लागतो, आणि फार जवळून लागतो. तुमच्यापासून तासाभराच्या आत हार्टलपूल आहे, तिथं एचएमएस त्रिंकोमाली उभी आहे. फ्रिगेट, म्हणजे क्रूझरची आजीच.

गोष्ट अमेरिकेपासून सुरू होते. १७९४ साली अमेरिकेनं सहा फ्रिगेट बांधायचं ठरवलं. ब्रिटिशांइतकी जहाजं बांधणं शक्यच नव्हतं, म्हणून जोशुआ हम्फ्रीज या आरेखकानं सुचवलं की मोजकीच बांधू पण कुणाच्याही फ्रिगेटपेक्षा मोठी, आणि जे मोठं जहाज भारी पडेल त्याच्यापासून पळून जाता येईल इतकी वेगवान. पुण्याच्या पत्राला उत्तर देताना आकार की संख्या म्हणालो ना, ते भांडण इतकं जुनं आहे. त्यातली कॉन्स्टिट्यूशन १७९७ साली बोस्टनला पाण्यात उतरली, लाइव्ह ओक नावाच्या कडक लाकडाची, आणि १८१२ च्या युद्धात तोफेचे गोळे तिच्या अंगावरून उडाले म्हणून तिला जुनी पोलादी म्हणायला लागले. ब्रिटिशांची फ्रिगेट मात्र मध्यम आकाराची, एकाच नकाशावर भराभर बांधायची, तो नकाशाही १७८२ साली पकडलेल्या एका फ्रेंच जहाजावरून उतरवलेला.

त्रिंकोमाली याच नकाशावर मुंबईत सागवानाची बांधायची ठरली, कारण इंग्लंडमध्ये ओक कमी पडत होतं. नकाशे घेऊन १८१२ साली जावा नावाची ब्रिटिश फ्रिगेट मुंबईकडं निघाली. तिच्यावर मुंबईच्या गोदीसाठी तांब्याचे पत्रे होते आणि मुंबईच्या फौजेचे नवे सेनापती हिस्लॉपही होते. २९ डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याबाहेर तिची गाठ पडली नेमकी कॉन्स्टिट्यूशनशी. जावाच्या डोलकाठ्या मोडल्या, तिनं झेंडा उतरवला, आणि ती इतकी फुटली होती की अमेरिकनांनी जाळून टाकली. कॉन्स्टिट्यूशनचं सुकाणूचं चाक लढाईत उडालं होतं, त्या जागी जावाचं चाक काढून बसवलं. नकाशे गेले ते गेलेच. ब्रिटिश नौदलानं पुढच्या वर्षी हुकूमच काढला की या मोठ्या अमेरिकन फ्रिगेटशी एकट्यानं भिडायचं नाही.

नकाशांची दुसरी प्रत मुंबईला यायला वेळ गेला. मे १८१६ मध्ये जमशेटजी बोमनजी वाडियांनी पारशी रिवाजाप्रमाणं कण्यात चांदीचा खिळा ठोकून काम सुरू केलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला त्रिंकोमाली मुंबईच्या पाण्यात उतरली. तारीख लक्षात घ्या, त्यानंतर महिन्याच्या आत खडकीची लढाई. आणि जावावर पकडले जाऊन सुटलेले तेच हिस्लॉप २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांच्या विरुद्ध इंग्रज फौजेचे सेनापती होते. एका जहाजाच्या मागं लागलो की आपल्या इतिहासाचा धागा कुठं हाताला लागेल सांगता येत नाही.

जाल तेव्हा वरच्या डेकवरच्या तोफा बघून परत फिरू नका, खाली उतरा. खालच्या डेकवर उंची फार कमी आहे, डोकं सांभाळा. तिथं जहाजाच्या बाजूला, जुन्या लाकडावर हात ठेवा, दोनशे वर्षांपूर्वीचं सागवान आहे आणि ती बोट आजही पाण्यावर तरंगतेय. मुलं बरोबर असतील तर त्यांना सांगा की हे तुझ्या आजीच्या गिरगावापासून चालत जाता येईल अशा गोदीत बांधलंय.